'खरं'ला हात लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले तीन आठवडे एक चौकट येते आहे. सीमाभागातल्या वाचकांनी आपल्या आठवणी लिहून पाठवाव्यात, मजकूर सातशे शब्दांच्या आत असावा, कागदाच्या एकाच बाजूला लिहावा आणि भाषा शुद्ध असावी. पहिल्या दोन अटी मला मान्य आहेत. तिसरीपाशी अडलोय. आठवण लिहून झाली आहे, पाकिटात घालून ठेवली आहे, खरं ती वाचण्याआधी तुम्ही हे पत्र वाचावं असं वाटलं. पत्र लांबणार. जागेअभावी कापलंत तरी चालेल, बदलू नका एवढंच.

मी बेळगावातल्या शहापूरचा. १९८३ साली सरकारी बसवर कंडक्टर म्हणून लागलो आणि २०१८ साली निवृत्त झालो. मधे १९९७ साली महामंडळाचे भाग पडले, आमचं वायव्य कर्नाटक झालं, मुख्य कचेरी हुबळीला गेली. आमच्या अंगावरची खाकी तीच राहिली. खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती, चिकोडी, निपाणी, या जिल्ह्यातला असा तालुका नाही जिथं मी चिल्लरवरून भांडलो नाही. आता 'हा कंडक्टर भाषेबद्दल काय सांगणार' असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मला वाटतं माझ्याइतकं सांगण्यासारखं प्राध्यापकांकडंही नसेल, कारण पस्तीस वर्षं रोज दीड-दोनशे माणसांनी माझ्याशी आपापल्या भाषेत हुज्जत घातली आहे.

नोकरीला लागलो त्या वर्षापासून मी खिशात एक छोटी डायरी ठेवत आलो. साहित्यासाठी म्हणून नव्हे. संध्याकाळी हिशेबात पैसे कमी आले की ते आपल्या खिशातून भरावे लागत, म्हणून कुणाला किती बाकी द्यायची राहिली, कुणी कितीला टोपी घातली, ते लिहून ठेवायची सवय लागली. (तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतात ना, ते माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लेखन. त्याला कुणी चूक काढली नाही, रक्कम चुकल्याशिवाय.) मग हळूहळू पैशांखाली दोन ओळी पावसाच्या, दोन ओळी जेवणाच्या, असं होत होत रोजचं लिहिणं सुरू झालं. अशा एकतीस डायऱ्या आहेत. चार वर्षांच्या नाहीत, घरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या.

निवृत्तीनंतर एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून लेख मागवला. मंडळाचं नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत, अजून चहाला बोलावतात. आपल्या भागात कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशी गावोगाव साहित्य संमेलनं भरतात, मांडव पडतो, ग्रंथदिंडी निघते, बाया डोक्यावर कलश घेऊन चालतात. महाराष्ट्रातल्या किती खेड्यांत असं होतं मला माहीत नाही. तेव्हा आनंदानं लेख दिला. लेख कसला, डायरीतली पंधरा-वीस पानंच उतरवून काढली. त्यातली ही एक नोंद, सौंदत्ती तालुक्यातल्या एका गावी मुक्कामाची गाडी होती त्या रात्रीची:

"मुक्काम. पाऊस धरून बसलाय. अण्णाच्या घरची बुत्ती. रोट्टी आणि पुंडीपल्ल्या. जेवूलोय तवर मालकीण लोणी घेऊन आली. नको म्हटलो खरं ऐकली नाही."

स्मरणिकेत छापून आलं ते असं:

"मुक्कामी होतो. पावसाची संततधार सुरू होती. चालकाच्या घरून आलेली शिदोरी, भाकरी आणि अंबाडीची भाजी. जेवत असताना गृहस्वामिनी लोणी घेऊन आल्या. मी नको म्हणालो, परंतु त्यांनी ऐकले नाही."

आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, वाचलं आणि मला विचारलं, "हे कुणाचं आहे?" मी म्हटलो, माझंच की. ती म्हटली, "तुमचं असंल तर गृहस्वामिनी कोण ही?"

ती मालकीण म्हणजे आम्ही गाडी लावत होतो त्या वाड्याची मालकीण. कमरेला इरकलीचा काचा, हातात पितळेची वाटी, त्यात लोण्याचा गोळा पाण्यावर तरंगत होता. गाडीची पायरी चढायला तिला जमेना म्हणून वाटी आधी फळीवर ठेवली आणि मग दांडी धरून वर आली. आमच्या रोट्टीवर बोटानंच लोणी थापलं. तिला गृहस्वामिनी म्हटल्यावर ती उतरूनच गेली हो गाडीतून.

पुंडीपल्ल्या आणि अंबाडीची भाजी एकच, असं कुणी म्हणेल. पाला एकच, मान्य. आमच्या आईची अंबाडी तांदळाच्या कण्या घालून, घट्ट, वर लसणाची फोडणी पानात वाढल्यावर. आमच्या ड्रायव्हरच्या घरची ज्वारीच्या कण्यांची, हिरव्या मिरचीची, सैलसर, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागणारी. मुक्कामाच्या गाडीत आम्ही ती दुसऱ्या दिवशीचीच खात असू. ती खाताना मी मनात अंबाडीची भाजी असं कधी म्हटलो नाही. आईनं केली की अंबाडी आणि अण्णाच्या डब्यात असली की पुंडी, अशी दोन नावांची दोन पदार्थं माझ्या जिभेवर आहेत. स्मरणिकेनं त्यातला एक काढून घेतला.

अण्णा म्हणजे ड्रायव्हर. बैलहोंगलकडचा, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मी त्यांना अण्णा म्हणे आणि ते मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. छापताना 'अण्णा' चा 'चालक' झाला.

आणि 'खरं'. हा शब्द आमच्याकडं 'पण' च्या जागी येतो हे बेळगावच्या बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. 'गेलतो खरं भेटला नाही.' 'द्यायला पाहिजे खरं पैसे नाहीत.' 'पण' म्हणताना माणूस आधी बोललेलं खोडतो. 'खरं' म्हणताना आधीचंही खरं असतं आणि नंतरचंही. मी नको म्हटलो, तेही खरं. ती ऐकली नाही, तेही खरं. 'परंतु' मधे मला तिचं न ऐकणं जरा तक्रारीसारखं वाटतं. आणि 'जेवूलोय' तर काय, 'जेवू लागलोय' आवळून आवळून झालेलं. आम्ही 'येऊलोय', 'जाऊलोय', 'करूलोय' असंच बोलतो. यात अशुद्ध काय आहे ते मला शाळेतही कळलं नव्हतं. मराठी शाळेत शिकलो, १९६४ पासून. घाटावरून आलेले एक गुरुजी होते, ते 'येऊलोय' म्हटलं की हातावर पट्टी मारत आणि 'येत आहे' असं दहा वेळा लिहून घेत. दहा वेळा लिहून द्यायचो आणि मधल्या सुट्टीत बाहेर ओरडायचो, "थांब की, येऊलोय!"

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला कानडीचा पुळका आलाय.

नोकरीत माझं सगळं कागदपत्र कानडी. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, कानडीत, रजेचा अर्ज कानडीत, गाडीच्या पाट्या कानडीत, पाट्यांवरचे आकडेही कानडी. शाळेत कानडी होतं ते नावापुरतं. कानडी अक्षरं मी खरी शिकलो ती डेपोत उभ्या असलेल्या गाड्यांच्या कपाळावर. पहिली काही वर्षं सही मात्र मी देवनागरीत करत होतो. एकदा रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडं गेलो. चांगले होते, ओरडणारे नव्हते. अर्जाकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "ही सही मला वाचता येत नाही. रजा मंजूर कुणाची करू?" त्यांचं काही चुकलं असं त्या वेळी वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या दिवसापासून डेपोत कानडी सही सुरू झाली. बँकेत देवनागरी, डेपोत कानडी. हात आपोआप ओळखायचा, कुठल्या टेबलापाशी उभा आहे ते.

आणि मग २००९ साली मुलीच्या लग्नात कार्यालयाला दिलेला चेक परत आला. सही जुळत नाही. बँकेत गेलो तर साहेबांनी चेक पुढं केला, "ही कुणाची?" बघतो तर मीच केलेली, कानडी, झोकात, खाली दोन टिंबांसकट. लग्नाच्या गडबडीत, घरच्या पाटावर बसून, आमच्या देव्हाऱ्यासमोर मी कानडीत सही केली होती आणि मला पत्ता नव्हता. दंड एकशे काही रुपये पडला. तो काही मोठा नाही. घरी येऊन त्या रात्री डायरीत पहिल्यांदा एक गोष्ट मुद्दाम तपासली. माझं रोजचं लिहिणं चाळलं. त्यात 'बुत्ती' होती, 'अक्का' होती, 'चिल्लर' होती, 'ऊटा' (जेवण) एकदोनदा होतं, खरं कानडी अक्षर एकही नव्हतं. सव्वीस वर्षांत एकही नाही. तेव्हा बरं वाटलं.

डायरीत काय नाही, हेही सांगायला पाहिजे. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला स्मारक आहे, तुम्ही दरवर्षी फोटो छापता. त्या आठवड्यात माझ्या डायरीत आहे ते एवढंच: "गाडी बंद. घरी. दळण आणलं." बाकी काही नाही. माझ्या वर्गातली पोरं रस्त्यावर होती आणि माझ्या अंगावर कर्नाटकाची खाकी. आईनं तो शर्ट धुतला आणि बाहेरच्या दोरीवर घातला नाही, आत चुलीच्या खोलीत वाळवला. ही गोष्ट मी लिहून ठेवली नव्हती. आज लिहितोय, तीही सरळ तुमच्याकडं पाठवायच्या कागदावर.

दर वर्षी १ नोव्हेंबरचंही तसंच. गल्लीत बेळगाव कर्नाटकात घातल्याचा काळा दिन, दंडाला काळी फीत, सायकल फेरी. डेपोत राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, गाड्यांना हार, लाल-पिवळे झेंडे, लाडू. एका वर्षीची नोंद आहे: "ड्युटी. डेपोत लाडू दिला. खाल्लो. घरी आणला नाही." दुसऱ्या एका वर्षी फक्त "ड्युटी." २०१४ सालच्या १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, मग तिकिटाच्या मशिनमधून तेच नाव निघू लागलं. मी दिवसभर ते नाव फाडून प्रवाशांच्या हातात देत होतो आणि रात्री डायरीत 'बेळगाव' लिहीत होतो. याला कुणी लढा म्हणू नये. लढणारे वेगळे होते. मी महाराष्ट्र एकीकरण समितीला मत देत आलो आणि पगार बेंगळूरच्या सरकारचा खात आलो, आमच्यासारखी कैक माणसं आहेत. महाजन अहवालातली महाराष्ट्राला द्यायची २६४ गावं आणि कर्नाटकाला द्यायची २४७ गावं आम्हाला पाढ्यासारखी पाठ, सुप्रीम कोर्टातला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून चालूच आहे. त्याबद्दल तुमच्या पेपरात रोज येतं, मी आणखी काय लिहू? फक्त एक, २०२५ च्या फेब्रुवारीत बसमधल्या भाषेच्या वादावरून दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस सीमेवर अडल्या, तेव्हा मला रात्री झोप आली नाही. तिकीट मागणारा आणि तिकीट देणारा यांच्यामधे अर्ध्या मिनिटाची भाषा असते हो. 'वंद खानापूर कोडरी दादा' (एक खानापूर द्या दादा) असं तिकीट मी हजारदा फाडलंय. त्याला कुठल्या खात्यात मांडायचं?

अण्णांची आणखी एक गोष्ट. मुक्कामाला गाडीतले दिवे विझवले की ते बाकावर आडवे होऊन बेंद्र्यांच्या कविता म्हणत. सातवी शिकलेला माणूस. द. रा. बेंद्रे, धारवाडच्या साधनकेरीचे, १९७३ चं ज्ञानपीठ मिळालेले. एका रात्री म्हणाले, "तम्मा, हे तुमचेच की. त्यांच्या घरात मराठीच बोलत." माझा विश्वास बसेना. नंतर वाचलं तर खरंच होतं, घरची भाषा मराठी, बारा वर्षं सोलापुरात प्राध्यापक, मराठीतही लिहिलंय, आणि कविता मात्र कानडीत अशी की कानड्यांनी डोक्यावर घेतली. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी तीस वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि लिहीत होते मराठीत. माणूस कागदावर कुठली भाषा ठेवतो हे नुसत्या घरावरून सांगता येत नाही, हे मला त्या गाडीत पहिल्यांदा कळलं.

मला त्यापेक्षा जास्त लागलं ते अण्णांचं पुढचं बोलणं. मी विचारलं, तुम्हाला एवढी कविता समजते कशी? ते म्हणाले, "आम्ही बोलतो तशीच आहे की. आमच्या धारवाडाकडची." म्हणजे बेंद्र्यांनी म्हैसूरच्या पुस्तकी कानडीत न लिहिता आपल्या गल्लीतल्या कानडीत लिहिलं आणि ते ज्ञानपीठापर्यंत गेलं. आणि आमचं 'जेवूलोय' बेळगावातल्या बेळगावात, चाळीस पानांच्या स्मरणिकेपर्यंतसुद्धा पोचत नाही. वाटेतच उतरवतात, तेही आपलीच माणसं.

इथं मला जे म्हणायचंय ते म्हणून टाकतो. कानडी आमच्या पाट्यांवर आलं, उताऱ्यावर आलं, सहीत आलं. ते दिसतं, त्यावर मोर्चा काढता येतो. आता तर दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कानडी पाहिजे असा कायदाच आहे, टेप घेऊन मोजता येतं. खरं आमच्या खिशातल्या वहीत कुणी सरकार आलं नाही. तिथं आलं ते पुणं. मी लेख द्यायला बसलो की हात आपोआप 'येत आहे' लिहितो. पत्र लिहायला घेतलं की 'गृहस्वामिनी' सुचते. या पत्रातसुद्धा बघा, किती ठिकाणी मी घाबरून सरळ मराठी लिहिलंय. डेपोत कानडी सही करताना मला निदान माहीत होतं की ही डेपोची सही आहे. 'परंतु' लिहिताना वाटत होतं की हीच माझी भाषा.

शुद्ध करायचं तर कुठवर करणार, हाही प्रश्न आहे. 'तूप' कानडीतून आलंय म्हणतात, 'अडकित्ता' ही. पोळीवर 'घृत' वाढणार आहात काय? तिकडं अण्णांच्या कानडीतही आमचे 'खरे' आणि 'लगु' (लवकर) बसले होते. 'बर्तेनंत हेळ्यान' असं ते म्हणत आणि मी म्हणे 'येतो म्हणून सांगितलाय'. शब्द वेगळे, वाक्य शिवलंय एकाच दोऱ्यानं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले, मीही दोन खाल्लो. त्या अभिजात मराठीत 'खाल्लो' बसतं की नाही, मला ठाऊक नाही.

आमच्या घरात माझ्या डायऱ्यांच्या आधीची एक वही आहे. आजोबांची. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं, आजोबा हातमागावर लुगडी विणत, सुताचा हिशेब वहीत मोडीत लिहीत. जाड कागद, शाई तपकिरी पडलेली, एका पानावर हळदीचा डाग. घरात ती कुणालाच वाचता येत नाही. वडलांना थोडी यायची. मला आकडे ओळखू येतात, मधेच एखादा 'श्री'. तिथं कुणी कानडी सक्ती केली नव्हती. शाळेनं मोडी शिकवायची बंद केली आणि आम्हीही विचारलं नाही, एवढंच.

ते मोडीचं दुखणं मी विसरलो होतो, गेल्या महिन्यात नातवाचं कार्ड येईपर्यंत.

मुलगा बेंगळुरात असतो. नातू आठ वर्षांचा. घरात मराठी बोलतो, शाळेत इंग्रजी आणि कानडी, हिंदी अजून सुरू व्हायची आहे. म्हणजे देवनागरी त्याच्या वाटेला अजून आलेलीच नाही. शाळेत बाईंनी प्रत्येकाला पन्नास पैशांचं पोस्टकार्ड दिलं आणि आजी-आजोबांना लिहा म्हणून सांगितलं. ते कार्ड दुपारी आमच्या पायरीवर पडलं. मी चष्मा लावून बघितलं तर सगळी कानडी अक्षरं. एक क्षण पोटात खड्डा पडला. मग वाचायला लागलो आणि उभ्याउभ्या हसायला लागलो. अक्षरं कानडी, भाषा मराठी. तीही कशी मराठी:

"आज्जा, आज्जी, मी बरा आहे. माझा दात पडला खरं रक्त आलं नाही. तुम्ही कधी येऊलाय?"

'खरं'. 'येऊलाय'. माझ्या मुलाच्या तोंडून त्याच्या कानात गेलेलं, जसंच्या तसं. त्याला मराठी लिहायला कुणी शिकवलंच नाही, त्यामुळं त्याला कुणी दुरुस्तही केलं नाही. कानडीत ऱ्हस्व 'ए' वेगळा आणि दीर्घ 'ए' वेगळा, आपल्या देवनागरीत ती सोय नाही. पोरानं 'येऊलाय' लिहिताना त्यातला एक निवडला होता, कानानं. मी मोठ्यानं वाचलं तर बेंगळूरहून तोच बोलूलाय असं वाटलं. माझ्या एकतीस डायऱ्यांत आमचं बोलणं इतकं हुबेहूब उतरलेलं नाही.

मंडळी आतून हात पुसत आली. "काय लिहिलाय बघू." मी कार्ड दिलं. तिनं उलटंसुलटं केलं, उजेडात धरलं. तिला कानडी अक्षर येत नाही. तिकिटं मी फाडत होतो, ती घरात होती. पेपर रोज पहिल्या पानापासून वाचते, तुमची पुरवणीसुद्धा, माझ्या आधी. कार्ड हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हटली, "माझ्या नातवानं मला लिहिलेलं तुम्ही वाचून दाखवायचं होय?"

वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा दाताचं वाक्य तिनंच माझ्या आधी म्हटलं.

उत्तर तिनं स्वतः लिहिलंय, देवनागरीत, मोठ्या अक्षरात, शब्दाशब्दांत बोटभर जागा सोडून. मुलगा त्याला वाचून दाखवेल. त्यात तिनं लिहिलंय, 'दिवाळीला येऊलाव, दात उशाखाली ठिऊ नको, छपरावर टाक.' मी 'ठेवू' करायला पेन उचललं होतं. तिनं कार्ड ओढून घेतलं. पत्ता मी कानडीत घातला, पोस्टमनला सोपं जावं म्हणून.

तर संपादकसाहेब, विनंती अशी. आठवणी मागवताय ते फार चांगलं करताय. वडगावची मागावरची बाई, उचगावचा भाजी घेऊन येणारा, खानापूरच्या जंगलभागातला माणूस, यांच्याकडं जे आहे ते कुठल्या ग्रंथालयात नाही. त्यातले बरेच जण ती 'शुद्ध असावी' ही ओळ वाचूनच पेन खाली ठेवतील. माझ्या शेजारचे एक गृहस्थ, चाळीस वर्षं कुंद्याच्या कढईवर उभे राहिले. दूध कुठल्या रंगावर आलं की हात थांबवायचा नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. परवा त्यांना म्हटलो, लिहा की पेपरला. म्हटले, "आम्हाला शुद्ध कुठं येतंय." ती ओळ काढा. काढायची नसेल तर निदान छापण्याआधी लेखकाला एक फोन लावून विचारा. स्मरणिकावाल्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अंबाडी करा हवं तर, मालकिणीला हात लावू नका. शुद्धलेखनाच्या चुका खुशाल काढा, ऱ्हस्व-दीर्घ माझं कच्चं आहे. एखादा कानडी शब्द बाहेरच्यांना कळणार नाही असं वाटलं तर खाली बारीक अक्षरात अर्थ द्या.

माझी आठवण या पत्राबरोबरच पाठवतो आहे, वेगळं पोस्टेज कशाला. सहाशे ऐंशी शब्द भरले आहेत, मंडळींनी मोजले. कागदाच्या एकाच बाजूला आहे. दुसऱ्या पानावर वरून चौथ्या ओळीत 'खरं' आहे आणि शेवटून तिसऱ्या ओळीत 'येऊलोय'. तेवढे दोन कंपोझिंगला सांगून ठेवावेत.

सही खाली देवनागरीत केली आहे.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
शहापूर, बेळगाव